कपाटाची किल्ली वाचकाच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत दर दोन-तीन महिन्यांनी एक पत्र हमखास असते. हल्लीची पिढी वाचत नाही, सगळे मोबाइलात डोके खुपसून बसलेत, वगैरे. पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की अशा पत्रांना भरती येते. लिहिणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सत्तरीकडे झुकलेले. त्यांचा कळवळा खरा आहे, पण पोरांना शिव्या घालण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयात एक चक्कर मारावी. मोबाइलचे मोबाइलपाशी. मला बोलायचे आहे ते कुलपाबद्दल.

आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालय आहे. जुने आहे, इमारत स्वतःची आहे, पुस्तकेही भरपूर आहेत. ती सगळी काचेच्या दारांच्या लोखंडी कपाटांत, आणि एकूण एक कपाटाला कुलूप. वाचकाने काउंटरच्या अलीकडे उभे राहायचे, कोपरे झिजलेली यादीची वही चाळायची, चिठ्ठीवर पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून ग्रंथपाल मॅडमकडे द्यायचा. मॅडम आत जाऊन येतात. ‘बाहेर गेलंय.’ दुसरी चिठ्ठी. ‘बाइंडिंगला आहे.’ तिसऱ्या चिठ्ठीला आपणच ओशाळतो आणि ‘जे असेल ते द्या’ म्हणून मोकळे होतो.

मागे एकदा मी वर्तमानपत्र चाळत बसलो होतो, तेव्हा सहावी-सातवीतला एक मुलगा आला. शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर.

‘मॅडम, भुताचं पुस्तक आहे का?’

‘नाव सांग.’

‘नाव नाही माहीत.’

‘लेखक?’

तो गप्प. मॅडमनी यादीची वही त्याच्यापुढे सरकवली. ‘यात बघ आणि नंबर लिहून दे.’ त्या वहीत लेखकाच्या आडनावाप्रमाणे नोंदी. पोराने दोन पाने उलटली, माझ्याकडे बघितले, म्हणाला, ‘काका, यात भुताचं कुठलं?’ मलाही सांगता येईना, कारण वहीत पुस्तकाचे नुसते नाव असते आणि भुताच्या पुस्तकाच्या नावात भूत असतेच असे नाही. काचेच्या पलीकडे, त्याच्यापासून चार हातांवर, बालविभागाचे कपाट होते. त्यातल्या पुस्तकांचे कणे दिसत होते, मुखपृष्ठ एकाचेही नाही. पोरगा थोडा वेळ काचेला नाक लावून उभा राहिला आणि गेला. त्यानंतर तो मला तिथे दिसलेला नाही. त्याने घरी जाऊन मोबाइल घेतला असेल, तर मी त्याला काय तोंडाने बोलू?

मी कोण, ते सांगतो. मी एसटीत वाहक होतो, लोकांच्या भाषेत कंडक्टर. पाटण-कराड पट्ट्यात आणि कुंभार्ली घाटातून चिपळूणपर्यंत माझी उभी नोकरी गेली. शिक्षण बेताचे. वाचनाची गोडी लागली ती मुक्कामी गाड्यांमुळे. ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: संध्याकाळची शेवटची गाडी आडगावाला पोचते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे दूधवाले, शाळकरी पोरे, बाजारकरी यांना घेऊन परत निघते. चालक-वाहकाने रात्र काढायची ती गाडीत, नाहीतर देवळात, नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर. चालक जेवला की घोरायला लागतो, कारण पहाटे घाट त्याला उतरवायचा असतो. वाहक हिशेब जुळवतो, तिकिटांचा ट्रे पेटीत ठेवतो, आणि मग त्याच्यापुढे अख्खी रात्र पडलेली असते.

मोरणा नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात आमचा असा मुक्काम असे. तिथे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय होते. एक निवृत्त गुरुजी ते चालवत. दोन उघड्या लाकडी मांडण्या, एक पत्र्याचे कपाट, एक बाक, छताला साठचा दिवा. पहिल्या रात्री मी दारात घुटमळलो तर म्हणाले, ‘काय हवं ते घ्या. वहीत लिहा. जाताना कडी लावा.’ एवढेच. अनामत नाही, वर्गणी नाही, चिठ्ठी नाही. सकाळची गाडी सुटायच्या आत पुस्तक जागेवर ठेवायचे, नाही संपले तर पुढच्या पाळीला घेऊन यायचे.

त्या मांडण्यांपुढे मी उकिडवा बसून, मान वाकडी करून कणे वाचत असे. निम्म्या कण्यांवर नावच नव्हते. बाइंडिंगवाल्याने मूळ पुठ्ठा काढून करडे कापड चढवलेले, त्यावर गुरुजींनी पांढऱ्या शाईने नंबर घातलेला. पुस्तक बाहेर काढून उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळायचे नाही. मला तेव्हा शिकारकथांचे वेड होते. ‘वाघ’ दिसला की घे, एवढीच माझी अक्कल. वाघाच्या शेजारी असेच एक करडे पुस्तक होते, ते वाघाचेच असेल म्हणून ओढले. निघाले विहिरी आणि भूजलावरचे. पाणी कुठे लागते, खडक कसा ओळखायचा, सह्याद्री कशाचा झाला. परत ठेवणार होतो, पण रात्र मोठी होती.

त्या पुस्तकात लिहिले होते, की आपला सगळा डोंगर लाव्हारसाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एक थर वाहून आला, थंड झाला, बराच काळ गेला, मग त्यावर दुसरा. मधल्या काळात खालच्या थराचा वरचा भाग हवापाण्याने कुजला आणि नंतर वरून आलेल्या रसाने भाजला गेला, म्हणून दोन काळ्या थरांच्या मध्ये विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. कुंभार्लीत कापलेल्या कड्याला असा तांबडा पट्टा मी रोज पाहत होतो. मुरूम आहे म्हणून सोडून देत होतो. पुढच्या फेरीला मी चालकाला म्हटले, ‘पाव्हणं, जरा सावकाश घ्या, कडा बघायचाय.’ त्याला वाटले मला मळमळतेय. त्याने गाडीच थांबवली.

पुढे तिथेच, त्याच मांडणीवर, भूकंपावरचे पुस्तक मिळाले. कोयनेचा भूकंप आम्ही लहानपणी अंगावर घेतलेला, ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. घरातून आईने कसे ओढत बाहेर काढले ते आठवत होते, पण जमीन का हलली ते कोणी सांगितले नव्हते. ते मला वाघाच्या शेजारी सापडले. यादीच्या वहीत मी ते जन्मात शोधले नसते, कारण मला ते हवे आहे हेच मला ठाऊक नव्हते. (पुस्तके विषयवार लावायची सोडून दाखल क्रमांकाने लावली की वाघाशेजारी विहीर येते. शिकलेले ग्रंथपाल यावर रागावतील. रागावू देत.)

याच १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. गावोगावची वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गांत बसली आणि त्यांना सरकारी अनुदान मिळू लागले. आज अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालये राज्यात आहेत. त्यांतली बहुतेक क आणि ड, म्हणजे खालच्या वर्गांतली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४०चे, पुण्याचे १८४८चे. म्हणजे वाचनालय ही वस्तू आपल्याकडे रेल्वेच्याही आधी आली. अभिमानाने सांगावे असेच आहे हे. पण पावणेदोनशे-दोनशे वर्षांत आपण पुस्तकापर्यंतचे शेवटचे चार हात काही मोकळे केले नाहीत.

मॅडमना मी दोष देत नाही. मी त्यांना सरळच विचारले होते, कपाटे उघडी का ठेवत नाही? त्या म्हणाल्या, ‘काका, पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर कमिटी माझ्याकडे बघते. माझ्या पगारात ते परवडतं का?’ नाही परवडत. ड वर्गाच्या वाचनालयाला २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये मिळत. मध्यंतरी ६० टक्के वाढ झाली, ती धरून ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यातले निम्मे पगाराला, निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल, केरसुणी सगळे. म्हणजे वाचनालय सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याला दोन हजार. आमचे वाचनालय वरच्या वर्गातले आहे, पण तिथल्या पगाराचा आकडाही मोठ्याने सांगावा असा नाही. एवढ्या पैशांत ज्याला राखण करायला बसवले आहे, तो कुलूपच लावणार. मी त्या जागी असतो तर दोन लावली असती.

म्हणून माझे म्हणणे कमिटीला आणि सरकारला आहे. हरवलेल्या पुस्तकाची भीती जोवर ग्रंथपालाच्या मानगुटीवर आहे, तोवर कपाट उघडणार नाही. वर्षाला शेकड्याला अमुक पुस्तके वाचकांच्या हातून गहाळ होणार, फाटणार, हे गृहीत धरा आणि तेवढी बिनबोभाट निर्लेखित करू द्या, म्हणजे वहीतून कमी करू द्या. त्याचा खुलासा मागू नका. वाचकांनी पळवलेल्या पुस्तकांचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. बंद कपाटात कसर लागून, वाळवी लागून, पावसाळ्यात भिंतीची ओल येऊन जी पुस्तके गेली, ती ‘जीर्ण’ म्हणून एका ओळीत खपतात. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले आणि केवढा तरी संग्रह चिखलात गेला. मी त्या गावच्या स्टँडवर अर्धे आयुष्य काढले आहे, त्या बातमीने मला जेवण गेले नाही. नदी विचारून येत नाही. तेव्हा कपाटात राहून जे वाचलेच गेले नाही आणि भिजून गेले, ते पुस्तक एखाद्या पोराने ढापून घरी नेले असते तर बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोक चोरतात, हा आक्षेप मला कोणी सांगू नये. विनातिकीट प्रवासी मी हयातभर पाहिले. झोपेचे सोंग घेणारे पाहिले, बारा वर्षांच्या पोराला पाचाचा सांगणाऱ्या आया पाहिल्या. म्हणून महामंडळाने गाडीच्या दाराला कुलूप घातले नाही.

वाचनालयाच्या लोकांना ही गोष्ट नवी आहे असेही नाही. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. इंग्लंडात जाऊन तिथली वाचनालये पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी वाचकांना थेट मांडण्यांपर्यंत जाऊ दिले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पहिलेच सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. ते समजावून सांगताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत, त्याचा दाखला दिला आहे. तिसरे सूत्र, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. विहिरीच्या पुस्तकाला मी मिळालो, तो या सूत्राप्रमाणे. दर १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आमच्या वाचनालयात तसबिरीला हार घालतात, पेढे वाटतात. तसबीर कुलूपबंद कपाटाच्या बरोबर वर टांगलेली आहे.

आणि मद्रासपर्यंत तरी कशाला जायचे? बडोद्याचे सयाजीराव महाराज आपल्याच कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून संस्थानभर फुकट वाचनालयांचे जाळे विणले, खेड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या. पेटी गावात आली की ती उघडायची, हे तिथल्या खेडुताला कोणी शिकवावे लागले नसेल.

आजचे उदाहरण हवे असेल तर भिलारला जाऊन या. महाबळेश्वर-पाचगणीच्या मध्ये, स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी तिथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके ठेवली होती. घराच्या पडवीत, देवळात, शाळेत, लॉजच्या दालनात. कोणीही यावे, उचलावे, बसून वाचावे. मी नातवंडांना घेऊन गेलो होतो. कौतुक करावे असे सगळेच नाही. दोन-तीन घरी पुस्तकांपेक्षा मुक्कामाच्या खोल्यांची चौकशी जास्त चालली होती. पण एका पडवीत माझी नात जमिनीवर फतकल मारून बसली आणि खालच्या फळीवरची पुस्तके एकेक काढून, चित्रे बघून, बाजूला रचू लागली. घरच्या काकू चुलीवरून उठून आल्या. मला वाटले आता बोलतील. त्यांनी तिच्या हातात एक बिस्किटाचा पुडा दिला आणि परत आत गेल्या. ढीग तसाच.

आमच्या वाचनालयातला एक पुरावा देतो, तो कोणीही तपासून पाहावा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला काउंटरच्या डाव्या टोकाला जा. तिथे परत आलेली पुस्तके ठेवतात. ती रात्री कपाटात जातात, तोवर ढीग उघडा असतो. सगळे वाचक तिथेच गोळा झालेले असतात. निवृत्त मंडळी, नोकरीवरून परतणाऱ्या बाया, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे. प्रत्येक जण ढिगात हात घालतो, पुस्तक उचलतो, पाठ वाचतो, मागची तारखांची चिठ्ठी बघतो. तारखा दाटीने पडल्या असतील तर पुस्तक चांगले. शेवटचा शिक्का सात वर्षांपूर्वीचा असेल तर विचार करतो. कोपऱ्यांतले पेन्सिलीचे शेरे वाचतो. ‘छान.’ ‘टुकार.’ ‘पहिली शंभर पाने सोडा.’ एका रहस्यकथेत तर विसाव्या पानावरच कोणी तरी ‘खुनी डॉक्टर आहे’ असे लिहून ठेवले होते, त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘तुझं वाटोळं होवो’, आणि त्याखाली तिसऱ्यात ‘डॉक्टर नाही, कंपाउंडर’. ते पुस्तक मी तिथल्या तिथे घेतले. कंपाउंडरच होता.

ज्या वाचनालयात वाचक नाहीत म्हणून वार्षिक सभेत दरवर्षी हळहळतात, त्याच वाचनालयात त्या ढिगापुढे कोपराने ढकलाढकली चालते. तो ढीग म्हणजे तिथली एकमेव उघडी मांडणी आहे. कमिटीने दुसरा काहीही खर्च करू नये. वाचनालयाची रंगरंगोटी नको, ‘डिजिटल कक्ष’ तर अजिबात नको. आधी केलेल्या कक्षातले संगणक प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून बसलेत. बालविभागाचे कपाट काढून गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन मांडण्या भिंतीला लावाव्यात आणि मुखपृष्ठे पुढे करून पुस्तके ठेवावीत. कादंबऱ्यांची कपाटे निदान संध्याकाळी पाच ते सात उघडावीत. एवढ्याला पैसे लागत नाहीत, सुतार ओळखीचा असला म्हणजे झाले.

माझ्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली. मुक्कामाच्या गावच्या बाया पहाटे गाडी सुटताना खिडकीतून पिशवी द्यायच्या. आत पुस्तक आणि चिठ्ठी. ‘कंडक्टरदादा, एवढं वाचनालयात द्या आणि असंच दुसरं आणा.’ मी तालुक्याला उतरलो की पेपरचे गठ्ठे उचलायच्या आधी वाचनालयात जायचो. ‘असंच दुसरं’ याचा अर्थ मला लावावा लागे. तेव्हाचे ग्रंथपाल मला मांडणीपर्यंत आत सोडत, कारण एसटीचा माणूस पळून कुठे जाणार? एका मावशींना ‘असंच’ म्हणजे सासू शेवटी हरते असे लागायचे. एका पोरीला प्रवासाचे. ती पोरगी गावाच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिच्यासाठी मी मांडणीपुढे फार वेळ घालवायचो आणि खाली चालक हॉर्न वाजवत बसायचा. चिठ्ठी लिहून काउंटरवरून ते मला जमले नसते.

मी कमिटीला लेखी अर्ज दिला आहे. संध्याकाळी पाच ते सात कपाटे उघडी ठेवावीत. त्या वेळात मी विनामोबदला बसेन, नोंदी करेन, रात्री पुस्तके जागेवर लावून कुलपे घालून किल्ली मॅडमच्या हातात देईन. पेटीचा हिशेब ज्याने आयुष्यभर आगारात जुळवून दिला, त्याला पुस्तकांचा जुळवता येईल. त्या दोन तासांत जी पुस्तके गहाळ होतील ती मी भरून देईन, असेही लिहिले आहे. अर्ज पुढच्या सभेत ठेवतो असे तोंडी सांगण्यात आले. ती सभा होऊन गेली. अर्ज विषयपत्रिकेवर नव्हता.

आपल्या वर्तमानपत्राचा अंक कमिटीचे सगळे सभासद सकाळी वाचनालयातच वाचतात. म्हणून हे पत्र. माझे नाव आणि पत्ता सोबत दिला आहे, पण कृपया छापू नये. नाव छापले तर चर्चा माझी होईल, कपाट तसेच राहील. शिवाय गावात वाचनालय एकच आहे आणि मला संध्याकाळी सहाला त्या ढिगापाशी जायचे असते.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
जि. सातारा